एडमुरी-बलमुरी

माझ्या आईच्या बटव्यातली सगळ्यात कुरूप वस्तू म्हणजे मुरुडशेंग. बोटाएवढी, काळपट, सुकून खडखडीत झालेली आणि देठापासून टोकापर्यंत पिळलेली. ओलं फडकं कुणी पिळून ठेवावं आणि झटकून वाळत घालायचं विसरावं, तशी. गेल्या दिवाळीत भाचीचं तान्हं पाय पोटाशी घेऊन रडायला लागलं तेव्हा आईनं बटवा सोडला, सहाणेवर चार थेंब पाणी टाकलं आणि शेंगेचे सात वेढे उगाळले. मोजून सात. आठवा घेतला तर काय होतं, ते तिनं मला पन्नास वर्षांत सांगितलेलं नाही.

उगाळता उगाळता म्हणाली, "ह्याच्याच सालीचा दोर करत होते बघ आधी. माझ्या माहेरच्या गोठ्यात सगळी दावी केवणीची."

केवण म्हणजे हेच झुडूप. शेंग मुरुडशेंग, झाड केवण. जांबोटीच्या पुढं कणकुंबीकडं जाताना रस्त्याच्या कडेला, शेताच्या बांधावर, गायरानात कुठंही उगवतं. विटकरी तांबडी फुलं येतात, ती जुनी झाली की शिशासारखी निळसर पडतात. हे झाड मी हजार वेळा पाहिलं असेल. त्याची शेंग पोटात घेऊन मोठी झाले. पण त्याच्या सालीत दोर आहे हे मला ठाऊक नव्हतं, आणि आईला वाटत होतं की ते सगळ्यांना ठाऊकच असतं. शेंगेवर दोराचा पीळ आणि सालीत दोर. दुकानदारानं पाटीवर मालाचं चित्र काढून ठेवावं, तसला प्रकार.

बेळगावला परतल्यावर रविवार पेठेत जडीबुटी घेऊन बसणाऱ्या बाईकडं मुद्दाम गेले. मुरुडशेंग मागितली तर ती म्हणाली, "एडमुरी? हाय की." कानडीत एड म्हणजे डावं, मुरी म्हणजे मुरड. बलमुरीही म्हणतात, ती उजवी मुरड. एकाच झाडाला डावं-उजवं दोन्ही नावं कशाला, असं विचारलं तर तिनं दोन शेंगा माझ्या तळहातावर ठेवल्या आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळली. मराठी नाव नुसतं 'मुरडली आहे' एवढंच सांगतं. कानडी नाव कुठल्या अंगाला मुरडली तेही विचारतं. (हे वाचून मराठी आणि कानडी असे दोन पेड वगैरे कविता कुणाला सुचत असेल तर कृपा करून आवरा. बेळगावात राहणाऱ्यांना त्या कवितेचा कंटाळा आलाय. आम्हाला बसच्या पाट्या वाचता आल्या तरी पुष्कळ.) पण हे डावं-उजवं प्रकरण माझ्या डोक्यात राहिलं, आणि त्याचा अर्थ पुढं दोन महिन्यांनी माझ्या बोटांना कळला.

आधी फजिती झाली ती सांगते.

मोबाइलवर दोर वळण्याचे व्हिडिओ भरपूर आहेत. कुठल्या तरी परदेशातल्या जंगलात दाढीवाला माणूस झाडाची साल ओढतो आणि पाच मिनिटांत दोर तयार. मी भावाच्या बांधावरून अंगठ्याएवढ्या जाडीचे केवणीचे सरळ फोक तोडून आणले. जंगलातून नाही. कणकुंबीच्या अंगाला भीमगड अभयारण्य आहे, तिथून काडी आणली तरी ते बरं नव्हे. पावसाळा नुकताच सरलेला होता म्हणून साल सुटली तरी. झाडात रस चढता असतो तोवर साल आणि लाकूड यांच्यामधला थर ओला, कोवळा असतो, तेव्हा बुडाशी चीर दिली की केळीचं सोपट निघावं तशी अख्खी पट्टी हातात येते. तेच फोक शिमग्यात तोडले असते तर साल लाकडाला धरून बसली असती आणि मी सुरीनं खरवडत बसले असते.

पट्ट्या बादलीत भिजत घातल्या आणि बादली टिळकवाडीतल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत ठेवली. भिजत घालायचं कारण असं की सालीच्या आतल्या अंगाला जे धागे असतात ते एका चिकट गरानं एकमेकांना धरून असतात. पाण्यातले जिवाणू आधी हा गर खातात, धागा मागं राहतो. अंबाडी आणि तागही असेच कुजवतात. कुजवणं हाच शब्द आहे, त्याला दुसरा गोड शब्द नाही. आणि कुजवायचं म्हणजे वास येणार. आठव्या दिवशी शेजारच्या काकूंनी बेल वाजवली, "गॅस लीक झालाय काय ओ तुमच्यात?" दहाव्या दिवशी वॉचमन वर येऊन गटाराच्या पाइपाकडं संशयानं बघून गेला. बाराव्या दिवशी नवऱ्यानं बादलीकडं बघून एवढंच विचारलं, "हे आणि किती दिवस?" मी घाबरून तेव्हाच पट्ट्या काढल्या. अर्धवट कुजलेल्या. थोड्या पट्ट्या हट्टानं तशाच ठेवल्या, त्या महिनाभर विसरले, आणि काढल्या तर धागाही मऊ पडलेला, चिमटीत तुटणारा. जिवाणूंना गर आणि धागा यांतला फरक काही काळच कळतो. गर संपला की ते धाग्यावर बसतात. नेमकं कधी काढायचं हे पाणी, ऊन आणि नाक मिळून सांगतात, आणि माझं नाक अजून शिकलेलं नव्हतं.

घायपाताचाही प्रयोग केला. त्याला कुजवावं लागत नाही, हिरवं पान ठेचून गर खरवडला की पांढरा वाख, म्हणजे दोराचा सुटा धागा, हाती येतो, असं ऐकलं होतं. ते खरंही आहे. पण घायपाताच्या रसानं अंगाला खाज सुटते हे मला कुणी सांगितलं नव्हतं. त्या पानात सुयांसारखे बारीक स्फटिक असतात, ते कातडीत शिरतात. कोपरापर्यंत हात लाल झाले आणि मी रात्रभर हातांना खोबरेल लावत बसले. मूळ मेक्सिकोकडचं हे झाड आपल्या बांधांवर इतकं रुळलंय की ते बाहेरचं वाटत नाही. पण त्या रात्री वाटलं.

शेवटी जो काही वाख निघाला तो घेऊन वळायला बसले, आणि इथं एक गंमत झाली. दोर वळणं मला येत नव्हतं, पण वळणं येत होतं. आजीच्या शेजारी बसून मी लहानपणी कापसाच्या वाती वळलेल्या. पायाची नडगी उघडी करून, तिला जराशी राख लावून, तळहातानं पुढं ढकलत. लाखाच्या वातीत अर्धा वाटा माझा. वाती वळतात, लाडू वळतात, दोरही वळतात. अक्षराला वळण असतं, पोरांना वळण लावतात. हे सगळं हाताचं काम आहे, आणि भाषेनं ते एकाच शब्दात बांधून ठेवलंय. मी वाख नडगीवर ठेवून ढकलला आणि तो सुरेख पिळला गेला. हात उचलला, आणि तो तितक्याच सुरेखपणे उलगडला.

वातीचं चालून जातं. ती तेलात पडून राहते, तिला कुणी ओढत नाही. दोराला बैल ओढतो.

मग मी आप्पांकडं गेले.

आमचं गाव खानापूर तालुक्यात. भाताचं गाव. गोठा म्हटला की दोर आलाच, आणि दोर म्हणजे एकच वस्तू नव्हती. जनावर खुंट्याला बांधायचं ते दावं. बैल हाकायचा तो कासरा. नाकातली ती वेसण, तोंडाला बांधायची ती मुसकी. जू बांधायची जुंपणी. दूधदुभतं मांजराच्या तावडीतून वाचवायला आढ्याला टांगलेलं शिंकं. बाजेला सुंभ. राखणीला गोफण. आणि प्रत्येकाची जात वेगळी. वेसण नाकातल्या नाजूक कातडीला घासते, तिला मऊ तागच हवा. दाव्याला केवण नाहीतर अंबाडी. पोहऱ्याच्या दोराला काथ्या, कारण पाण्यात सतत भिजून अंबाडी सडते, काथ्या लवकर सडत नाही. भाताच्या पेंढीला तर विकतचं काहीच नको, त्याच पिंजराला पीळ दिला की बंद तयार. ऊसतोडीवाले अजून हेच करतात. निपाणीच्या अंगाला हंगामात जाऊन बघा, उसाचंच वाडं पिळून मोळी आवळतात, एका झटक्यात. फॅक्टरीच्या सुतळीला तो झटका जमत नाही. अंबाडीचं तर सगळंच कामाचं. पाला पुंडीची भाजी म्हणून पोटात, साल दोराला, आणि राहिलेल्या काड्या चुलीला.

आता आमच्या मुलाच्या पिढीला 'सुंभ जळला तरी पीळ जळत नाही' हे ठाऊक आहे. पुण्याहून फोनवर तो कुणाला तरी उद्देशून म्हणालासुद्धा. मी विचारलं, सुंभ म्हणजे काय रे? म्हणाला, "काहीतरी स्टबर्न माणूस असणार."

तर आप्पा. वय अठ्ठ्याहत्तर, घर मातंग वस्तीत. त्या वस्तीला माझ्या लहानपणी गावात वेगळ्याच शब्दानं हाक मारायचे, तो शब्द मी इथं लिहीत नाही. दोर करणं हे पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या घरचं बलुतं. कर्नाटकी बेंदूर, म्हणजे बैलांचा सण, ज्येष्ठी पौर्णिमेला असतो. त्याच्या आधी आप्पांचे वडील दोरांचं भारं खांद्यावर टाकून घरोघरी यायचे. प्रत्येक बैलामागं नवा कासरा, नवं दावं, नवी म्होरकी. बेंदराला बैल कर, म्हणजे वेशीतलं तोरण, तोडायला सुटले की अंगावरची ती नवी दोरं पिवळीधमक दिसायची. आणि सुगीला खळ्यावर भाताच्या राशीतून त्या सगळ्याचा मोबदला. त्या राशीतलं किती द्यायचं हे राशीवाला ठरवायचा.

"आप्पा, मला दोर वळायला शिकवाल?"

ते हसले नाहीत. बराच वेळ माझ्याकडं बघत राहिले. "कशाला ओ अक्का? घरात बैल हाईत काय तुमच्या?"

अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस मला अक्का आणि तुम्ही म्हणत होता. माझे आजोबा त्यांच्या वडिलांना अरे-तुरे करायचे, हे मला तेव्हा तिथं उंबऱ्यात उभी असताना आठवलं. मी म्हटलं, बैल नाहीत, नुसतं शिकायचंय. आवड म्हणून.

"आवड," आप्पा म्हणाले. शब्द तोंडात घोळवून बघितल्यासारखं. "आमच्या पोरांनी सोडलं ते बरं केलं. एक उद्यमबागेत फौंड्रीत हाय. धाकटा गोव्याला. कुणाच्या दारात भारं घेऊन जावं लागत न्हाई."

मला वाटलं आता झालं, उठावं. पण त्यांनी हात पुढं केला. माझ्या पिशवीतला वाख घेतला, नाकाशी नेला, दोन बोटांत मोडून बघितला. "लवकर काढलासा," म्हणाले. "आणि चार दिवस पाहिजे होते." म्हणजे बाल्कनीतली बादली बाराव्या दिवशी उचलली होती ते त्यांना वासावरून कळलं. मग त्यांनी एक बट घेतली आणि पाणी शिंपडून ओलसर केली.

हे कसं केलं ते नीट सांगते, कारण व्हिडिओत मी हे पन्नास वेळा पाहिलं होतं आणि मला दिसलं नव्हतं.

बट दोन्ही हातांत ताणून धरली आणि एकाच अंगाला पिळत गेले. पीळ इतका भरला की बट मधेच आपणहून मुरडली आणि तिला एक छोटा डोळा पडला. तो डोळा डाव्या चिमटीत धरला. आता उजव्या अंगाला दोन पेड सुटे राहिले. त्यातला पलीकडचा पेड अंगठा आणि तर्जनीत धरून पलीकडं, म्हणजे अंगापासून लांब, पिळला. आणि पिळलेला तो पेड सोडून न देता दुसऱ्यावरून अलीकडं आणला. आता दुसरा पेड पलीकडं आला. त्यालाही तसंच. पिळायचं बाहेर, आणायचं आत. पिळायचं बाहेर, आणायचं आत. डावी चिमटी गोगलगायीच्या गतीनं पुढं सरकत होती आणि तिच्यामागं दोर उमटत होता.

मग दोर माझ्या चिमटीत दिला. "आता सोडा," आप्पा म्हणाले. मी चिमटी सोडली. दोर उलगडला नाही. तिथंच पडून राहिला.

एडमुरी-बलमुरी! नुसता डावा पीळ दिला तर तो उलगडणार, हा पिळाचा स्वभावच. पण डाव्या पिळाचे दोन पेड एकमेकांवर उजवीकडून वळले की दोराला उलगडायचं तर पेडांना आणखी पिळावं लागतं, आणि पेडांना उलगडायचं तर दोराला आणखी वळावं लागतं. दोघांनाही सुटायचंय, आणि दोघंही सुटण्याच्या धडपडीनंच एकमेकांना धरून बसतात. डिंक नाही, गाठ नाही. आणि ओढलं की पेड आवळतात, आतले धागे एकमेकांवर घट्ट दाबले जातात. म्हणूनच हातभर लांबीच्या धाग्यांतून शंभर हात दोर होतो. त्या शंभर हातांत एकही धागा शंभर हातांचा नसतो.

ही युक्ती माणसाला कधी सुचली असेल? २०२० साली एक शोध प्रसिद्ध झाला. फ्रान्समधल्या अब्री द्यू मारास नावाच्या ठिकाणी निअँडरथल या लोप पावलेल्या माणूसजातीच्या एका दगडी हत्याराला चिकटलेला दोराचा तुकडा सापडला. लांबी सहा मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी. वय एक्केचाळीस ते बावन्न हजार वर्षं. झाडाच्या आतल्या सालीचे धागे, तीन पेड, प्रत्येक पेड एका अंगाला पिळलेला आणि तिन्ही मिळून उलट अंगाला वळलेले. हे मी आप्पांना सांगितलं. त्यांना निअँडरथल म्हणजे काय ते सांगायला जरा वेळ गेला. ऐकून म्हणाले, "मग? दुसरं कसं वळणार?"

पहिला दोर मी साधारण तीन हात वळला आणि ऐटीत त्यांच्या हातात दिला. त्यांनी दोन्ही टोकं मुठीत धरली, गुडघा मधे घातला आणि एक हिसका दिला. दोर मधोमध तुटला. तुटला तो अगदी जोडाच्या जागी. "बट मधोमध दुमडलासा," ते म्हणाले. तेव्हा कळलं. मधोमध दुमडलं की दोन्ही पेड सारख्याच लांबीचे, दोन्ही एकाच जागी संपणार, दोन्हीकडं एकाच जागी नवा वाख जोडावा लागणार, आणि तिथं दोर अशक्त. बट तिसऱ्या हिश्शावर दुमडायची. एक पेड संपत आला की दुसरा अजून लांब असतो, एकाच्या जोडाला दुसऱ्याचा अख्खा भाग सांभाळून घेतो. आणि नवा वाख पेड संपल्यावर जोडायचा नाही. तो बारीक व्हायला लागला की चार बोटं आधीच सरकवायचा.

मी पुन्हा सुरू केलं. आप्पा शेजारी बसून त्यांचा पेड वळत होते. माझ्या एका वेढ्याला त्यांचे चार व्हायचे, आणि ते बघत दुसरीकडंच असायचे. बसल्या बसल्या मी विचारलं, आमच्या विहिरीचा दोरही तुमच्याकडचाच असायचा का? आजोबांच्या वेळी?

"व्हय की. काथ्याचा. चांगला बोटभर जाड. दहा हात पाहिजे तर तेरा-चौदा हात पेड घ्यावा लागायचा, वळताना आखडतो न्हवं." मग थोड्या वेळानं, हात न थांबवता, "दोर आमचा. पाणी तुमचं. माझी आई घागर घिऊन कडेला उभी ऱ्हायची. तुमच्यातलं कोण तरी येऊन वरनं ओतायचं. आलं तर."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. दोर किती आखडतो ते ज्या सुरात सांगितलं, त्याच सुरात हेही सांगितलं. मला काही बोलता आलं नाही. 'मला ठाऊक नव्हतं' असं म्हणावंसं वाटलं, पण ते खोटं होतं. विहीर मला ठाऊक होती, तिच्या कडेला दुसऱ्या घागरींची वेगळी जागा होती हेही ठाऊक होतं. त्या दोराचा आणि त्या घागरींचा संबंध तेवढा मी कधी जोडला नव्हता. मी खाली मान घालून वळत राहिले. पिळायचं बाहेर, आणायचं आत.

त्या दिवशी बसनं बेळगावला परतताना काँग्रेस रोडवरून आले. हा रस्ता १९२४च्या काँग्रेस अधिवेशनामुळं त्या नावाचा. गांधीजी आयुष्यात एकाच अधिवेशनाचे अध्यक्ष झाले, ते इथं. त्याच अधिवेशनात ठरलं की काँग्रेसच्या सभासदानं चार आण्यांऐवजी महिन्याला २००० वार हातानं कातलेलं सूत द्यायचं. वकिलांनी, डॉक्टरांनी, सावकारांच्या पोरांनी टकळ्या घेतल्या. ते योग्यच झालं, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण टकळीवर सूत कातणं आणि नडगीवर वाख वळणं यात हाताच्या दृष्टीनं फार फरक नाही. एक देशाचं काम झालं. दुसरं जातीचं काम राहिलं, आणि ते करणाऱ्यांनी संधी मिळताच टाकून दिलं. मी आता ते 'आवड' म्हणून उचलते आहे. बाल्कनीत, वीकएंडला. आप्पांनी तो शब्द तोंडात का घोळवला ते मला बसमध्ये कळलं.

म्हणून नायलॉनला नावं ठेवायला माझी जीभ वळत नाही. आप्पांच्या दारातली शेळी नायलॉनच्याच हिरव्या दोरीनं बांधलेली असते. पोरानं बाजारातून आणलेली, स्वस्त, भिजली तरी न सडणारी, आणि कुणाच्या दारात उभं न राहता मिळालेली. जनावराची मान काचते हे खरं. उन्हानं तिचा भुगा होतो आणि तो भुगा शेतात राहतो हेही खरं.

पण एका बाबतीत जुना दोर मला माणसासारखा वाटतो. माहेरी सोप्यात धुण्याची दोरी अजून अंबाडीची आहे. एप्रिल-मेमध्ये ती सैल पडून लोंबते, साडी जमिनीला टेकते, आई कुरकुरते. वळवाचा पहिला पाऊस आला की दमट हवेनं तीच दोरी रात्रीत आवळते, सकाळी बोट मारलं तर तंबोऱ्यासारखी वाजेल इतकी. धागे पाणी पिऊन जाडीला फुगतात. जाड झालेल्या पेडाला त्याच वेढ्यांत जास्त फिरावं लागतं, म्हणून दोर लांबीला आखडतो. नायलॉन भिजलं की उलट ताणतं, सैल होतं. लहानपणी पाऊस पडणार का हे आजोबा आभाळाकडं बघून सांगायचे आणि आजी दोरीला हात लावून. कोण जास्त वेळा बरोबर असायचं, ते घरात कुणी मोठ्यानं बोलायचं नाही.

दसऱ्याला आपट्याची पानं सोनं म्हणून वाटताना आता मला त्या झाडाची फांदी दिसते. आपट्याच्या सालीचाही दोर होतो, आणि चांगला चिवट होतो. आपण पानं ओरबाडतो आणि फांदी टाकून देतो. या वर्षी मी सोसायटीच्या गेटपाशी पडलेल्या फांद्या गोळा करत होते तेव्हा वॉचमननं माझ्याकडं त्याच नजरेनं बघितलं, गटाराच्या पाइपाकडं बघितलं होतं तसं.

मधल्या महिन्यांत मी तीन वेळा आप्पांकडं जाऊन आले. तिसऱ्या खेपेला केवण नीट कुजवून नेली होती, सोळा दिवस, बांधावरच्या डबक्यात, शेजाऱ्यांच्या नाकापासून लांब. त्यांच्या ओसरीवर बसून सहा हात दोर वळला. तिसऱ्या हिश्शावर दुमडून, जोड अलग अलग ठेवून. त्यांच्या सुनेनं चहा आणला, मी प्याले, आणि मी चहा प्यायला हे आप्पांनी बघितलं हे मीही बघितलं. मग त्यांनी दोर घेतला, गुडघा मधे घालून हिसका दिला. दोन हिसके. तिसरा शेळीच्या खुंट्याला अडकवून, अंग मागं टाकून. दोर राहिला.

चांगला झालाय असं ते म्हणाले नाहीत. शेळीच्या गळ्यातली हिरवी दोरी सोडली, माझा दोर बांधला आणि म्हणाले, "बघूया की किती दिवस जातो."

महिन्याभरानं भावाचा फोन आला. बाकीचं सगळं बोलून झाल्यावर म्हणाला, अगं हो, आप्पांनी निरोप दिलाय तुला. अक्काला सांग म्हणाले, दोर तुटला न्हाई. शेळीनं खाल्ला.